पाच मिनिटं बटण दाबू नका

१९८७ साली रत्नागिरीच्या एका शाळेत आलेल्या एकुलत्या एका संगणकावर गणिताच्या सकपाळ सरांनी चार महिने खपून एक खेळ बनवला. खेळणाऱ्याने बौद्ध विहारातला नवा श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू व्हायचं, अंगण झाडायचं, भिक्षा मागायची आणि ध्यानाला बसायचं. ध्यानाची पाच मिनिटं एकही बटण दाबायचं नाही. दाबलं की खेळ पुन्हा पहिल्यापासून.

ते कुणालाच जमेना. "अडकला वाटतं तुमचा संगणक," म्हणत देसाई बाईंनी दुसऱ्याच मिनिटाला बटण दाबलं. मुख्याध्यापकांनी तर एकदम तीन दाबली.

वैतागून सरांनी मंडणगडहून वडिलांना, आप्पांना बोलावलं. ते स्वतः दहा दिवस श्रामणेर राहिले होते. आप्पा पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले. चार मिनिटं झाली आणि वीज गेली. सरांनी सकाळपासून खेळात केलेल्या दुरुस्त्या कॅसेटवर साठवून ठेवायच्या राहिल्या होत्या.

सरांनी टेबलावर मूठ आपटली. "सगळं गेलं, आप्पा! उठा आता."

"तुझा खेळ गेला," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "माझं बसणं चाललंय. आवाज नको करूस."

सर चडफडत व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. दुपारी वीज आल्यावर त्यांनी दुरुस्त्या आठवून आठवून पुन्हा टाइप केल्या, आणि ध्यानाच्या पाच मिनिटांची दोन केली.