लुईझची फुली

गार्गीने कागद तिसऱ्यांदा तपासले. एकेचाळीसच्या एकेचाळीस कागद जागच्या जागी होते, आणि तेच तिला खटकत होतं.

दुपारी पंख्याने सगळा गठ्ठा उडवला होता. ती विद्यापीठातून येताच आईने स्वतःच सांगितलं होतं की पलंगाखालून, चपलांमागून कागद गोळा केले आणि नीट लावून ठेवले. पण पानांवर आकडे नव्हते. मजकूर फ्रेंच, आणि आईला फ्रेंचचं अवाक्षर येत नव्हतं. मग नाटकाचे तिन्ही अंक ओळीने लागले कसे?

"प्रबोध आला होता का?"

प्रबोध तिच्याच विभागात होता. दोघांपैकी एकाचंच कंत्राट वाढणार होतं. तिचं वाढलं नाही तर या परदेशात राहण्याचा पास संपणार, वुडलँड्सचा हा फ्लॅट सोडून मायदेशी परत जावं लागणार. आणि त्याने दोनदा, सहज म्हणून, या कागदांची चौकशी केली होती.

"आला होता की. डबा द्यायला," संजीवनीबाई म्हणाल्या. "आत ये म्हटलं तर दारातूनच गेला. तुमची मुलगी माझ्यावर पाळत ठेवते, म्हणे."

त्या हसल्या. गार्गी हसली नाही.

कागद म्हणजे ओगुस्त लामोरे नावाच्या नाटककाराच्या एका नाटकाच्या रंगीत छायाप्रती होत्या. दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये त्याने बारा प्रहसनं लिहिली. अकरा पडली, एक चाललं. त्यात एक संशयी नवरा बायकोवर पाळत ठेवायला आपल्याच कपाटात लपून बसतो. त्या एका नाटकाचं हस्तलिखित लामोरेच्या अक्षरात नव्हतं. तिसऱ्या अंकात खाडाखोड होती, आणि नाटकातले सगळे हशे त्या खाडाखोडीत होते. ते कोणा दुसऱ्या लेखकाचं असणार आणि लामोरेने ते ढापलं, असा गार्गीचा संशय होता. लामोरेची बायको लुईझ कपडे धुणारी. लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिची फुली होती. तिचा प्रश्नच नव्हता. लेख शुक्रवारी द्यायचा होता आणि त्याच्या शीर्षकात 'चोरी' हा शब्द होता.

"आई, खरं सांग. कागद कोणी लावले?"

"मीच. अक्षरावरून लावले."

संजीवनीबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि वरचा कागद उचलला.

"हे बघ. इथे हिला लिहिता येत नाही. बघून बघून चित्रं काढलीत. हे मधलं, इथे हात सैल पडायला लागला. आणि या शेवटच्या पानांत हिला वाचता येतंय."

"हिला?"

"बाईच असणार. दर चार ओळींनी उठलीय. शाई बघ, कुठे गडद, कुठे फिकी. चुलीवर काहीतरी असेल."

"ती निरक्षर होती आई. लग्नात फुली केलीय तिने."

"तुझ्या जन्माच्या कागदावर माझा अंगठा आहे. त्यावरून आजही मला अडाणी ठरवशील?"

आई एकतिसाव्या वर्षी लिहायला शिकली होती. गार्गी शाळेत गेली की घरी राहिलेल्या तिच्या वह्या समोर घेऊन ती पाटीवर गिरवायची. त्यामुळे दोघींचं अक्षर पुढे कितीतरी वर्षं सारखंच होतं.

आईने शेवटचा कागद पुढे केला. आधी नवरा कपाटातून बाहेर येतो आणि बायकोला मोठ्या मनाने माफ करतो, असं लिहिलं होतं. ते खोडून वर नवं घातलं होतं. गार्गीने मराठीत सांगितलं: बायको कपाटाला बाहेरून कुलूप घालते आणि एकटीचं ताट वाढून घेते.

"बरं केलं," संजीवनीबाई म्हणाल्या. मग त्यांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "दुसऱ्याचं खोडायला आधी हात धजत नाही. हा ठिपका बघ केवढा पडलाय. तुझा तो निबंध उतरवताना मलाही..."

त्या थांबल्या आणि मेथीची जुडी ओढून निवडायला बसल्या.

चौथीत गार्गीला गोवर आला होता. 'माझे घर' हा तिचा निबंध आईने नीट उतरवून शाळेत पोचवला. जिल्ह्यात पहिला नंबर आला. मुख्याध्यापकांनी शेवटचं वाक्य सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: 'आमच्या घराला दोन दारे आहेत, पण आईला त्यातले एकच माहीत आहे.' इथल्या फेलोशिपच्या अर्जात, आपण लिहायला कधी लागलो हे सांगताना, गार्गीने तेच वाक्य दिलं होतं.

"आई, ते शेवटचं वाक्य?"

"तूच लिहिलंस की. किती हुशार होतीस."

बाहेर कॉरिडॉरच्या कठड्यावर इथल्या देशाच्या स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे झेंडे फडफडत होते. आईने बरीच पानं खुडली आणि वर न बघता विचारलं,

"त्या नवऱ्याला कळलं असेल का गं? हिने बदललंय ते?"

"त्याने स्वतःच्या नावावर लावलं ना नाटक."

"तसं नाही. वाचताना कळलं असेल का, की हे आपलं नाही?"

"कळायला हवं होतं," गार्गी म्हणाली.

तिने लॅपटॉप उघडला. 'अज्ञात लेखक' हे शब्द काढून तिथे लुईझचं नाव घातलं. शीर्षकातला 'चोरी' हा शब्द मात्र तिने तसाच राहू दिला. मग ती फेलोशिपच्या अर्जाची फाइल शोधू लागली. ती सापडायला बराच वेळ लागला.