दुसऱ्या मजल्याचे पाणी

मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे. सध्या प्लंबरच्या पोत्यात, मोडक्या नळांच्या संगतीत पडलो आहे. मित्रांनो, तुम्ही नळ सोडता तेव्हा तुम्हाला नळ दिसतो. मी वर गच्चीत, टाकीखाली असायचो, म्हणून मला कोणी ओळखत नाही.

ठाण्याच्या एका कारखान्यात पितळ ओतून मला घडवले. डोंबिवलीत आनंदरावांनी तीन मजली इमारत बांधली, तेव्हा टाकीपासून प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा पाइप काढला. दुसऱ्या मजल्याचा पाइप माझ्या वाट्याला आला. तिथे धाकू आणि मालनबाई हे नवरा-बायको भाड्याने राहत. माझे छोटे चाक उजवीकडे फिरवले की त्यांचे पाणी बंद, डावीकडे फिरवले की सुरू. आनंदरावांचे गुडघे दुखत, म्हणून टाकी धुण्याच्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून मालनबाईच वर येत. मला फिरवत, पदराने पुसत आणि गुणाचा आहे हो, असे म्हणत. मी फुशारून जाई.

आनंदराव गेले आणि इमारत त्यांच्या लेकीच्या, उत्तराताईंच्या नावावर झाली. त्या पहिल्या मजल्यावर राहतात. गेल्या पावसाळ्यात मालनबाईंच्या न्हाणीघरातून गळती सुरू झाली आणि उत्तराताईंच्या छताला ओल आली. पाइप भिंतीच्या आत फुटला होता. उत्तराताई म्हणाल्या, पाणी तुम्ही वापरता, दुरुस्ती तुम्ही करा. मालनबाई म्हणाल्या, भिंत तुमची, ती फोडायचा अधिकार आम्हाला कुठला? दोघीही अडून बसल्या. प्लंबरला कोणीच बोलावले नाही. घोंगडे भिजत पडले आणि छतही.

गणपती झाल्यावर एका सकाळी उत्तराताई वर आल्या आणि त्यांनी मला घट्ट बंद केले. गळती थांबली, पण दुसऱ्या मजल्याचे पाणीही थांबले. माणसे निदान हात चोळत बसतात. मला तेवढेही जमत नाही. ज्याचा हात पडेल त्याच्यासाठी फिरायचे, एवढेच माझ्या नशिबी.

धाकूंना अर्धांगवायू झालेला, ते अंथरुणाला खिळलेले. मालनबाई खालच्या नळावरून बादल्या भरून जिने चढत. शेजाऱ्यांनी विचारले तर आमचा पाइप तुंबला आहे, असे सांगत. मालकिणीची अब्रू झाकणे हेही भाडेकरूचे कर्तव्यच, असे त्यांना वाटत असावे. मला मात्र त्यांच्या या झाकण्याचा राग यायचा.

मालनबाईंचा मुलगा विनीत आंबिवलीला राहतो. एकदा तो गच्चीत आला आणि त्याने माझ्या चाकावर हात ठेवला. मागोमाग आलेल्या मालनबाईंनी तो बाजूला केला.

"हात नको लावू रे. मालकांची वस्तू आहे."

"आई, पाणी असं तोडता येत नाही त्यांना. कायदा आहे. कोर्टात अर्ज करू, मी वकिलाशी बोललोय."

"आनंदरावांच्या लेकीवर केस करू? न्हाऊमाखू घातलंय मी तिला."

विनीत जिना उतरून गेला. तीन महिने मी तसाच आवळलेला राहिलो. आत क्षार साचला, आटे धरले गेले. मला कळत होते, पण सांगणार कोणाला?

शेवटी मालनबाईंची कंबर धरली आणि घर सोडून आंबिवलीला जायचे ठरले. निघायच्या सकाळी धाकूंनी एकच मागणे मागितले. म्हणाले, आपल्या घरात, आपल्या नळाखाली मला एकदा आंघोळ घाला. तेव्हा मालनबाई वर आल्या. त्यांनी इकडे-तिकडे पाहिले आणि जन्मात पहिल्यांदा कोणाला न विचारता माझे चाक धरले. एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग पदर गुंडाळून. मी सारा जीव एकवटला, पण तसूभरही हललो नाही. बऱ्याच वेळाने त्या खाली गेल्या. धाकूंचे अंग ओल्या फडक्याने पुसून त्यांना रिक्षात बसवले.

आठवड्याने उत्तराताईंनी प्लंबर आणला. भिंतीतला पाइप त्याने तासाभरात बदलला. मग तो मला उघडायला आला. मी उघडेना, तेव्हा त्याने मला कापूनच काढले.

"किती दिवस बंद होता हा?" त्याने विचारले.

उत्तराताई खाली रस्त्याकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, घर ज्याचे असेल त्याने ते दुरुस्त ठेवावे, राहणाऱ्याने ते आपले समजून जपावे. भांडण झाले तर भांडा, कोर्टात जा, पण कोणाचे पाणी बंद करू नका. आणि केलेच असेल, तर आजच जाऊन उघडा. फार दिवस बंद ठेवलेले मग उघडू म्हटले तरी उघडत नाही.