बसायचा दगड

“त्या दगडाला हात लावू नका,” पहारेकरी म्हणाला. बावीस वर्षांच्या नोकरीत साहेब लोकांना त्याने कशाला नको म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

माळावरचं ते दगडांचं रिंगण कुणी आणि कशासाठी उभारलं, हा वाद जुना होता. प्राध्यापक म्हणत, ही महिने मोजायची जागा. तेरा दगड म्हणजे वर्षातले चंद्राचे तेरा फेरे. त्यावर त्यांची दोन जाडजूड पुस्तकं होती. संशोधक बाई म्हणत, कसले चंद्र घेऊन बसलात, इथे माणसं पुरली आहेत. दोघं एकमेकांना पाण्यात पाहत. आज तेराव्या दगडाखाली खणून सोक्षमोक्ष लावायचा होता. हा दगड सगळ्यांत ठेंगणा, जेमतेम गुडघ्याएवढा.

“का नको?” प्राध्यापकांनी विचारलं.

“तो जुना नाही साहेब. मीच ठेवलाय.”

“तू? कशाला?”

“बायको डबा घेऊन येते. तिला बसायला.”

हे निम्मंच खरं होतं. बायको रोज दुपारी त्या दगडावर बसून त्याला वाढायची, जेवताना त्याची थट्टा करायची. पण दगड तिच्यासाठी आला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, माळावर विद्वान यायच्या आधी, त्या दोघांची मुलगी तीन दिवसांची होऊन गेली, तेव्हा बायको तापात होती. दवाखान्याने टॉवेलात गुंडाळून हातात दिलेलं ते गाठोडं कुठे न्यावं, हे त्याला सुचेना. रोज नजरेसमोर राहील अशी एकच जागा त्याच्याकडे होती. बायकोला सांगितलं, दवाखान्यानंच सगळं केलं. पुढे ती नेमकी त्याच दगडावर बसायला लागली आणि सांगणं राहिलं ते राहिलंच.

दगड आपला म्हटलं की खणणं थांबेल, असं त्या बापड्याला वाटलं होतं. विद्वानांचं भांडण त्याने लांबूनच पाहिलेलं.

“मग तर खणायलाच हवं,” बाई खुशीत म्हणाल्या. “दगड बनावट आहे हे सिद्ध होऊ दे.”

“इतकी वर्षं मला चहा पाजलास, तेव्हा दातखीळ बसली होती का?” प्राध्यापक पहारेकऱ्यावर खेकसले. “खणा रे.”

“साहेब, पाया पडतो.”

“बाजूला हो. उजेड अडतोय.”

हातभर खाली हाडं लागली. बोटाएवढी, पातळ. बाई मातीत गुडघे टेकून बसल्या. “लहान मूल. बळीच दिला असणार,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. पहारेकरी तिथेच उभा राहून ऐकत होता. बाईंनी ब्रशने माती झाडली, तसा दवाखान्याचा प्लास्टिकचा पट्टा वर आला.

“त्या काळी प्लास्टिक होतं का हो बाई?” प्राध्यापक पोट धरून हसले. मग आपला तेरावा दगडही गेला, हे त्यांच्या लक्षात आलं. दोघांनी एकदमच पहारेकऱ्याकडे पाहिलं.

इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालं ते पहिल्यांदा. तक्रारीच्या पत्रावर दोघांच्या सह्या झाल्या. उद्यापासून येऊ नकोस, असं त्याला सांगितलं गेलं. मजुरांनी दगड कुंपणापलीकडच्या खड्ड्यात लोटला. बाईंनी हाडं एका कापडी पिशवीत भरून त्याच्या हातात दिली. “घेऊन जा. पोलिसांत गेलं तर तुलाच जड जाईल. आमच्या काही कामाची नाहीत.”

दोघांच्या गाड्या गेल्या आणि बायको डबा घेऊन आली. तो चौकीच्या पायरीवर बसला होता.

“अहो, माझा बसायचा दगड कुठं गेला?”

“काढला त्यांनी.”

“काय मेलं नडत होतं त्याचं?” ती पायरीवर टेकली. “आणि ती पिशवी काय धरून बसलाय उराशी? द्या इकडं. हात धुऊन घ्या आधी.”

त्याला नाही म्हणता येईना. आज एकदा नाही म्हणून झालं होतं. त्याने पिशवी दिली.

“एवढी हलकी, काहीच नाही की हिच्यात,” ती म्हणाली. खाली पायरीपर्यंत उकरलेली ओली माती पसरली होती, म्हणून तिने पिशवी आपल्या मांडीवर ठेवली आणि डबा उघडला.