अठरा फुटांवरचं पाणी

ज्ञानबा मिस्त्रीनं दोरीला बांधलेला दगड विहिरीत सोडला आणि हातातून सुटणाऱ्या गाठी मोजू लागला. दर तीन फुटांवर एक गाठ, हे त्याचं माप. पाच झाल्या, दहा झाल्या, पंधरा झाल्या. शंकरप्पा काठावर धोतराचा सोगा धरून उभा होता. विसावी गाठ सुटली तेव्हा कुठं खालून पाण्याचा आवाज आला.

"साठ फूट," मिस्त्री म्हणाला. "चार वर्सांत आनि खाली गेलंय."

बाजूला जुना हापसा उभा होता. पंधरा दिवस तो नुसताच कोरडे हिसके देत होता. विहिरीत खोल बसवलेलं त्याचं पितळी नळकांडं रेतीनं खाऊन टाकलं होतं. दुरुस्तीत अर्थ नव्हता, नवाच बसवायला हवा होता.

ज्ञानबाचं दुकान सात रस्त्याला. माणूस सरळ, पण खर्च सांगायला लागला की कीर्तनकारासारखा पहिल्यापासून सुरुवात करायचा. पेठेत, तळ्याच्या अंगाला, पाणी हाताशी. तिथं हापसा वर ओट्यावर बसवला, खाली एवढासा पाइप सोडला की अर्ध्या दिवसात काम उरकतं आणि पंचवीस रुपयांत मालक मोकळा. पण वर बसवलेला हापसा बावीस-चोवीस फुटांखालचं पाणी ओढत नाही, मग तो कुणाचाही असो. इथं माळावर नळकांडंच पाण्यात उतरवायचं. त्याला साठ फूट पाइप, तेवढ्याच सळया, खडकात ठोकायच्या पाचरी, दोरानं खाली उतरणारी दोन माणसं, आणि हे सगळं चढावर आणायला बैलगाडी. सव्वाशेच्या आत काही होत नव्हतं.

"मानूस त्योच, काम त्येच," ज्ञानबा दोरी गुंडाळत म्हणाला. "जागा पैसे खाती, अप्पा."

"खाऊ दे. आणा तुमी," शंकरप्पा म्हणाला.

सुताच्या गठ्ठ्यामागं अर्ध्या आण्यासाठी तासभर हुज्जत घालणारा माणूस तो. पण या जागेशी त्याला घासाघीस करायची नव्हती. बायकोच्या, जगदेवीच्या, खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, उंचावर, कोरड्या मोकळ्या हवेत ठेवा. म्हणून पेठेतलं राहतं घर बंद करून, पुढचं दुकान तेवढं चालू ठेवून, दोघं अक्कलकोट रस्त्याच्या या माळावर आली. हवा चांगली मिळाली आणि पाणी पाताळात गेलं. दोन्ही एका ठिकाणी मिळावं असा त्यांचा योग नव्हता.

हापसा लागला तोही तिच्याच हट्टापायी. शंकरप्पाच्या लिंगपूजेचं पाणी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून जगदेवी स्वतःच्या हातानं, अंघोळ करून, त्याच सकाळी काढायची. आदल्या दिवशीचं चालायचं नाही, दुसऱ्या कुणी काढलेलं तर नाहीच. दोर ओढायला डॉक्टरांनी मनाई केली. शंकरप्पानं काढावं, तर सुताची गासडी अंगावर पडल्यापासून त्याचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता आणि डावा एकटा पोहऱ्याला पुरत नव्हता. मूलबाळ नाही. मग चार वर्षांपूर्वी हा खोल पाण्याचा हापसा आला आणि तिचा नेम टिकला. आता तो बिघडल्यापासून खालच्या वस्तीतली ईरम्मा दोरानं पाणी काढून देत होती. पूजेची कळशी वर येताना जगदेवी जवळ उभी राहायची आणि दोराला नुसता हात लावायची. तेवढ्यावर देवाला समजावून घ्यावं लागत होतं.

ती आत्ताही दारात बाजेवर बसून ऐकत होती. मिस्त्री निघाला तेव्हा तिनं विचारलं, "पेठेतल्या घराच्या आडाला किती पानी असंल हो?"

"त्याचं काय अक्का. अठरा फूट. भर उन्हाळ्यात बी वीसच्या खाली जात न्हाय."

शंकरप्पाला वाटलं, ही खर्चाचा हिशेब करतेय. तो तिच्यावर थोडा रागावलाच. पैशाचा विचार करू नकोस, महिन्याभरात सगळं बसून जाईल, असं काहीबाही तो बोलत राहिला. ती त्याच्या खांद्याकडं बघत होती.

चार दिवसांनी तिनं त्याला सकाळी दारात उभं केलं. हातात वाकळेचा दोरा होता. गड्ड्याच्या जत्रेला नवा सदरा शिवायचाय, माप घेते, म्हणाली. शिंपी मेलाय का, असं त्यानं विचारलं. शिंपी चुकतो, ती म्हणाली.

"हात वर करा."

"जात न्हाय, ठाऊक हाय की तुला."

"जातो तितका करा."

हात छातीपर्यंत आला आणि अडला. तिनं दोऱ्याचं टोक त्याच्या पायाशी, जमिनीला टेकवलं आणि मुठीपाशी एक गाठ मारली. मग हात खाली सोडायला लावला आणि तिथं दुसरी. सदऱ्याचं माप जमिनीपासून घेतात हे शंकरप्पानं कधी पाहिलं नव्हतं. पण वाकून उठताना तिला खोकल्याची उबळ आली, त्यानं तिला धरून बाजेवर नेलं आणि सदरा राहूनच गेला.

मुंबईहून माल यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत जगदेवीचं विहिरीपर्यंत जाणं बंद झालं. ईरम्मा कळशी बाजेशी आणायची, जगदेवी त्यात बोटं बुडवायची, मग शंकरप्पा पूजेला बसायचा. बोटं किती बारीक झाली होती हे पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

एका सकाळी दुकान उघडताना त्याला मागच्या अंगणातून ठोकाठोकी ऐकू आली. बंद घरातून तो मागं गेला. बोळाचं दार उघडं होतं, त्याची किल्ली जगदेवीपाशी असायची. आडाच्या तोंडावर नवाकोरा हापसा उभा होता आणि ज्ञानबा त्याचे नट आवळत होता.

"मिस्त्री, घर चुकलात तुमी," शंकरप्पा म्हणाला. "काढा हे. माळावर बसवायचंय."

"हा माळावर चालायचा न्हाय, अप्पा. वरून वढनारा हाय. अठरा फुटाचा."

"मग माळावरचा कुटं हाय?"

ज्ञानबानं पाना खाली ठेवला. सांगावं की नको असं त्याचं झालं, पण मग त्यानं सांगितलं. तुम्ही दुकानात होता तेव्हा अक्कांनी ईरम्माला धाडून बोलावून घेतलं. माळावरचा मागवू नका म्हणाल्या. माझ्यापुरतं ईरम्मा काढील तेवढं बास हाय, माझ्यामागं ह्यांना पेठेतच राहायचंय, म्हणाल्या.

"मानसानं काय ऐकावं असलं?" शंकरप्पा म्हणाला. "आजारी मानूस बोलतंय. आजच्या आज माळावरचा मागवा."

"मागवतो. तीन आठवडे लागतील," ज्ञानबा म्हणाला. तीन आठवडे ही मुदत दोघांनाही मोठी वाटली.

मग शंकरप्पाची नजर पुन्हा हापशावर गेली. ओटा नव्हताच. हापसा जवळजवळ जमिनीलगत बसवलेला, दांडा भलताच खाली.

"हे असं बुटकं का बसवलं?"

ज्ञानबानं कोपरीच्या खिशातून वाकळेचा दोरा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याला दोन गाठी होत्या.

"वरच्या गाठीच्या वर दांडा जाता कामा नये म्हनल्या. पहाटेपासून तीनदा बदलून बसवला."

दिवसभर शंकरप्पा दुकानात बसला, पण सूत विकलं की नाही हे त्याला नंतर आठवेना. दुपार कलल्यावर त्यानं फळ्या लावल्या, मागं गेला आणि दांड्याला उजवा हात घातला. आधी हवा आली, मग पाणी आलं. त्यानं चरवी भरून घेतली आणि ती घेऊन माळाची वाट धरली.

जगदेवी बाजेवर टेकून बसली होती. त्याच्या हातातली चरवी पाहून तिला काय ते कळलं. त्यानं भांड्यात ओतून दिलं. तिनं दोन घोट घेतले, पेठेतल्या पाण्याची चव ओळखली आणि भांडं मांडीवर ठेवून विचारलं,

"हात दुखला का?"

"न्हाय," तो म्हणाला. ते खरं होतं, आणि त्याचंच त्याला रडू आलं.