चौकटीवरची पांढरी जागा

"हा दगड या रस्त्यावरचा नाही," काचवाला म्हणाला आणि दगड परत शिलाई मशीनवर ठेवला.

गोल, गुळगुळीत, मुठीत बरोबर मावेल असा. या आठवड्यातला हा तिसरा. तीन घरांत तो नवी काच बसवायला गेला आणि तिन्ही ठिकाणी असाच दगड निघाला. आसपासचे रस्ते सगळे डांबरी, नदी लांब. म्हणजे रागाच्या भरात हाताला लागलं ते भिरकावलं, असला प्रकार नव्हता. कोणीतरी पिशवी घेऊन नदीवर गेलं होतं, वेचत बसलं होतं. काचवाल्याला दगडापेक्षा त्या वेचणाऱ्याच्या सवडीची जास्त भीती वाटली.

"तिन्ही घरं आपल्याच लोकांची," शिंपीणबाई म्हणाल्या. वय झालेलं, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवायच्या.

"पोरंटोरं असतील, मावशी."

"पोरं असती तर पळाली असती. मी खिडकीशी आले तर दोघं चालत गेले. अगदी सावकाश. जाताना एकानं वळून दाराकडे बघितलं."

दाराच्या उजव्या चौकटीवर ज्यूंच्या प्रत्येक घरी असते तशी मेझुझा इथेही असायची. प्रार्थना लिहिलेलं चर्मपत्र गुंडाळून आत ठेवलेली बोटभर लांबीची पेटी. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना. आज काचवाल्याची बोटं सवयीने वर गेली आणि नुसत्या लाकडाला लागली.

"कपाटात ठेवली," शिंपीणबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "देवाला म्हटलं, तुला काय, कपाटातूनही दिसतंच. तूही काढ बाबा. तुझ्या घरात पोर आहे."

त्याने हिरकणीने काच कापली, खाचेत बसवली, कडेने पुटी दाबली.  

वाटेत त्याला वडील आठवले. ते भले गृहस्थ होते, पण देव शिकवायची त्यांची तऱ्हा अशी, की आधी खिडक्या लावायच्या, मग दार, मग आवाज. कुजबुजत प्रार्थना घोकायची. सूर जरा वर गेला की मांडीला चिमटा. कारण विचारलं तर दुसरा चिमटा. मोठा होईपर्यंत काचवाल्याला देव म्हटलं की चिमटाच आठवायचा. मुलगी झाली तेव्हा त्याने एकच गोष्ट ठरवली होती. हिला देव हसत भेटला पाहिजे.

म्हणून त्याने एक खेळ काढला. शुक्रवारी संध्याकाळी आईने शब्बाथचे, आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लावले, की बापलेकीने दाराबाहेर जायचं आणि शब्बाथला पाहुण्यासारखं घरात घेऊन यायचं. आत शिरताना पेटीला हात लावायचा. पेटी उंच, पोरगी साडेपाच वर्षांची, त्यामुळे ती उड्या मारायची. त्यावरून तिचं नाव नाकतोडा पडलं. ज्या दिवशी हात पोचेल त्या दिवशी दोघांनी तिथेच उभं राहून शब्बाथचं गाणं म्हणायचं, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं. हे काचवाल्याचं वचन होतं. ते खालच्या मजल्यावरच्या पेन्शनरांनाही माहीत होतं. दर शुक्रवारी ते दार उघडून वर बघत विचारायचे, "काय गं, पोचलीस का?"

गेले दोन शुक्रवार त्यांचं दार उघडलं नव्हतं. आज जिन्यात समोर आले, तर काचवाल्याला बघून त्यांनी खिशात किल्ली शोधायला घेतली. किल्ली त्यांच्या हातातच होती.

घरी आल्या आल्या त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. बायको टेबलावर पांढरी चादर घालत होती. तिने एकदा हत्याराकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे.

"तिसरी काच?"

"शिंपीणमावशींची."

"काढायची तर काढा. मी अडवणार नाही, मलाही झोप लागत नाही. पण पोरीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

नाकतोडा आत अंघोळ करत होती. तिचं गाणं बाहेर ऐकू येत होतं. काचवाल्याने घाईघाईने दोन स्क्रू काढले, पेटी उचलली, आणि त्याचं धाबं दणाणलं. चौकटीचा रंग इतक्या वर्षांत पिवळा पडला होता. पेटीखाली मात्र तो पहिल्या दिवसासारखा पांढरा होता. बोटभर लांब, काटेकोर, आणि दोन टोकांना दोन भोकं. पेटी एक वेळ नजरेतून सुटली असती, ही जागा लांबूनही डोळ्यांत भरत होती. तो पुटीचा डबा आणायला वळला, तोच आतून बायको म्हणाली,

"अहो, सूर्य बुडतोय. ठेवा ते."

दिवे लागले की उद्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत हत्याराला हात नाही. आता ती जागा झाकता येणार नव्हती आणि पेटी परत लावताही येणार नव्हती. त्याने पेटी कपाटात ठेवली. बायकोने दोन दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. तिचे हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ डोळ्यांवर राहिले.

"चल बाबा," नाकतोडा त्याचं बोट ओढत म्हणाली.

ती आज विसरेल अशी वेडी आशा त्याला होती. दोघं बाहेर आली. पोरीने वर पाहिलं.

"पेटी कुठेय?"

"आत ठेवलीय."

"का?"

उत्तर त्याने वाटेत तयार केलं होतं, साफ करायला काढली म्हणून. पण दिवे लागल्यावर ते तोंडातून निघेना. खिडक्या लावणारे वडील त्याला डोळ्यांसमोर दिसले, आणि पहिल्यांदाच त्यांचा राग आला नाही.

नाकतोडाने थोडा विचार केला. "जागा आहे की," ती म्हणाली, दोन पावलं मागे सरली आणि तिने उडी मारली.

टप्प आवाज झाला. अख्खा पंजा त्या पांढऱ्या जागेवर बसला. गेल्या शुक्रवारी एक बोट कमी पडलं होतं. तिने हात खाली आणून बोटं ओठांना लावली, मग बापाकडे बघितलं. तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

"पोचले."

खाली कडी वाजली. पेन्शनरांचं दार वीतभर उघडलं, उजेडाची पट्टी पायऱ्यांवर पडली. पोचलीस का, असं कोणी विचारलं नाही. दारात कोणी दिसलंही नाही.

"बाबा, गाणं. तू म्हणाला होतास."

आत जाऊन, दार लावून, हळू आवाजात म्हणता आलं असतं. पोरगी शहाणी, ऐकलंही असतं तिने. आणि जन्मभर लक्षात ठेवलं असतं. काचवाला तरी त्या लावलेल्या खिडक्या कुठे विसरला होता?

त्याने हात वर केला. त्या जागेवर बोटं टेकवली, दोन्ही भोकं बोटांना लागली. बोटं ओठांना लावून तो गाऊ लागला. पहिली ओळ कुजबुजीसारखी निघाली. दुसरी नाकतोडाने उचलली, टाळ्या वाजवत, सूर सोडून, खच्चून. आतून बायकोचा आवाज येऊन मिळाला.

पायऱ्यांवरची उजेडाची पट्टी रुंद झाली नाही आणि मिटलीही नाही. गाण्याची चार कडवी होती. त्यांनी चारही म्हटली.