साखरपुड्यातली अट

होणाऱ्या सासूचा, ताराबाईंचा निरोप आला, पिंकीच्या पोटाचं बारीकसं ऑपरेशन हाय. दर्शना मुरबाडहून शहापूरच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा होणारी नणंद हिरवा गाऊन घालून खाटेवर पाय हलवत बसली होती. बावीस वर्षांची पिंकी, बुद्धीनं मागं राहिलेली, पण अंगानं ठणठणीत. दुखणं म्हणावं तर काहीच नाही!

“पिशवी काढायची,” ताराबाई म्हणाल्या, जशी काय दाढच उपटायची होती. “पाळीचं तिला भान ऱ्हात नाय. चारचौघांत सांगत सुटते. तुझ्याच आईनं साखरपुड्यात अट घातली गो, लग्नाआधी उरकून टाका म्हणून. तिचे कपडे तू कशाला धुवायचे?”

“ओमकारला ठाऊक हाय?” दर्शनानं होणाऱ्या नवऱ्याचं विचारलं.

“त्यानंच तर सकाळी गाडी केली.”

दर्शनाच्या संसाराची सोय म्हणून एका धडधाकट मुलीचं पोट फाडायचं, आणि ते ठरवलं पेढे खाता खाता. तिला आईची किळस आली. त्या दिवशी हसून पेढा खाणाऱ्या स्वतःचीही आली.

तेवढ्यात डॉक्टर आले. “पिंकी, दर महिन्याचा त्रास बंद करू ना?”

“हो,” पिंकी म्हणाली.

“बघा, पेशंटही तयार आहे.” निलाजरा मेला!

दर्शना खाटेवर टेकली. “पिंकी, हे तुझं पोट कापणार. आतली पिशवी काढणार. मंग पाळी नाय, आणि बाळ कधीच नाय. कापू दे?”

पिंकीनं दोन्ही हात ओटीपोटावर ठेवले. “नाय. माझं पोट हाय.”

“अहो, तिला काय कळतंय?” डॉक्टर हसले.

“मघाशी हो म्हणाली तेव्हा कळत होतं वाटतं? हात लावून बघा, पोलीस घेऊनच येते.”

डॉक्टरांचं हसू मावळलं. घरात काय ते ठरवून या, असं पुटपुटत ते बाहेर गेले.

“इथं नाय तर कल्याणला नेईन,” ताराबाई फणकारल्या. “तू कोण लागतेस तिची? हे लग्नच मोडते मी.”

खरं तर दर्शनाला तेच हवं होतं. त्या घरचं पाणीसुद्धा आता तिच्या घशाखाली उतरलं नसतं. पण ती सुटली, की पिंकीला विचारणारं कोण उरणार होतं?

“मोडा. का मोडलं ते तुमच्या गावात, शेणव्यात घरोघर सांगेन. नायतर ठरल्या तारखेला हिची वहिनी म्हणून घरात घ्या. काय सोसेल ते तुमीच बघा.”

ताराबाईंनी तोंड वाकडं करून पिंकीचे कपडे पुढं केले.