हात कुणी वर केला?

थोरलीने पडद्याची शिवण अर्ध्यावर सोडली आणि फोन डोळ्यांजवळ नेला. अकरा वाजता धाकट्या भावाने तो, वहिनी आणि ती अशा तिघांच्या ग्रुपवर विचारलं होतं, ‘आईचं प्लास्टर निघालं. यापुढे तिला कोण सांभाळणार?’ तेव्हा वाचून तिने फोन मशीनवर पालथा घातला होता. आता साडेअकराला त्या प्रश्नाखाली हात वर केलेली, चित्रातली एक हसरी बाई उभी होती. आणि पाठवली कुणी? तर वहिनीने!

वहिनीने? परवाच तर तक्रार करत होती, आईंच्या खोकल्याने डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून!

तिने शेजारच्या मशीनवरच्या बाईला चित्र दाखवलं. “मी तयार आहे, असा अर्थ,” ती बाई म्हणाली.

तयार! एवढा पुळका अचानक कुठून आला? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. हात मोडून आई इकडे आल्यापासून बंद असलेल्या तिच्या दोन खोल्यांवर डोळा असणार, दुसरं काय! थोरलीने अर्धी सुट्टी टाकली आणि तडक भावाचं घर गाठलं.

वहिनीने झाडू हातात घेऊनच दार उघडलं. थोरलीने फोन तिच्या नाकासमोर धरला. “हे काय आहे?”

“अगंबाई! ताई, मी नाही पाठवलं. सकाळपासून माझा फोन आईंकडे आहे. फोटो बघत बसल्यात.”

“मग काय आपोआप आलं?”

“मीच केला हात वर,” आतून आवाज आला. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेला तो आवाज अजून खणखणीत होता. आई पलंगावर बसली होती, शेजारी पिशवी भरून ठेवलेली.

“अगं आई, प्रश्न आम्हाला विचारला होता!”

“माझ्याबद्दलच होता ना? माझी मी राहीन. घराची किल्ली तुझ्याकडे आहे, ती दे.” प्लास्टरमधून निघालेला बारीक हात तिने पुढे केला.

थोरलीला रडू फुटलं, रागही आला. “आम्ही काय मेलो होतो?”

“हिचा फोन माझ्याकडे होता. पण तुम्ही दोघं होतात ना? अर्धा तास थांबले मी,” आई म्हणाली. “वर्गात कुणाचाच हात वर झाला नाही, की शेवटी उत्तर मीच सांगायचे.”

थोरलीने पर्स उघडली. किल्ली वरच होती.